दुआनच्या घरचा वाडगा

आमच्या शीहोत वाक्य पुरं करणाऱ्या माणसाला अडाणी समजतात. पुरं केलं म्हणजे समोरच्याला अक्कल कमी आहे असं तुम्ही धरून चाललात, आणि समोरच्याने "पुढे काय?" असं विचारलं तर त्याने ते स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. म्हणून अर्धं बोलायचं, चहाचा घोट घ्यायचा आणि ऐकणाऱ्याने मान डोलवायची. तिंग पोस्टमनची सायकलच घ्या. उत्तरेकडचा रस्ता चिकणमातीचा. पाऊस झाला की चाकं चिखलाने भरायची आणि तिंग सायकल खांद्यावर घेऊन टपाल वाटत फिरायचा. तेव्हापासून एखादा साहेब कारकुनाच्या जिवावर चालताना दिसला की लोक म्हणतात, "तिंग पोस्टमनची सायकल…" बस्स, एवढंच. कोण कोणावर बसलंय ते ज्याचं त्याने ओळखायचं. तिंग निवृत्त झाला, रस्ता डांबरी झाला, तरी आमच्या बोलण्यात ती सायकल अजून त्याच्या खांद्यावरच आहे.

गावात अशी शे-दीडशे अर्धुकं फिरत असतील. त्यातलं एक दुआन छिंगफूच्या वाट्याला आलं होतं आणि पंचवीस वर्षं ते त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

दुआन फुटकी चिनी मातीची भांडी सांधायचा. खांद्यावर कावड, एका टोकाला हत्यारांची पेटी, दुसऱ्या टोकाला बसायचं स्टूल. वाडग्याचे तुकडे मांडीवर जुळवायचे, सुतळीने आवळायचे, मग हिऱ्याच्या टोकाच्या गिरमिटाने भेगेच्या दोन्ही अंगांना भोकं पाडायची. भोक आरपार जाता कामा नये, अर्ध्या जाडीवर हात थांबला पाहिजे. त्यात पितळेचा चपटा टाका ठोकून बसवायचा आणि शेवटी अंड्याच्या पांढऱ्यात चुना कालवून भेग बुजवायची. दुआनचा हात इतका हलका की गिरमिट चालू असताना शेजारी झोपलेलं मांजर जागं व्हायचं नाही. जीभ मात्र जड. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर सुफन, म्हणजे त्याची बायको, विचारायची, "आज काय सणबिण आहे का?"

घरातला वाडगा मूळचा फंग उस्तादांचा. फंग उस्तादांनी दुआनला धंदा शिकवला आणि म्हातारपणी, पुढेमागे कोणी नसल्यामुळे, ते दुआनकडेच राहिले. शेवया खायचा मोठा पसरट वाडगा, तळाशी निळा मासा काढलेला. चौदा वर्षांच्या दुआनने शिकाऊ असताना तो पहिल्याच आठवड्यात पाडला. उस्तादांनी कान धरला नाही, गिरमिट हातात दिलं. त्या वेळचे सहा टाके वेडेवाकडे आहेत. पुढे दुआनने होनानहून आलेल्या सुफनशी लग्न केलं. ती विधवा होती आणि तिच्याबरोबर ताशान नावाचा मुलगा होता. नव्या घरातल्या पहिल्या जेवणाला घाबरलेल्या ताशानच्या हातून वाडगा सुटला. त्याचे अकरा टाके. मग दुष्काळाच्या हिवाळ्यात रेल्वे स्टेशनच्या बाकावर गोधडीत गुंडाळलेली एक मुलगी सापडली. तिची चौकशी करायला कोणीच आलं नाही, म्हणून ती यिंग झाली आणि दुआनच्या घरची झाली. दात येत असताना तिने वाडगा ढकलून दिला, तिचे सहा. एकूण तेवीस. घरात पाच माणसांचे पाच-सहा वाडगे होते, पण शेवया याच वाडग्यात कालवल्या जायच्या आणि उस्तादांचे जेवायच्या काड्यांनी ओरपण्याचे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचे.

सन बासष्टच्या वसंतात दुआन एका घराच्या अंगणात लोणच्याची बरणी सांधत बसला होता. भिंतीच्या पलीकडे छाई वहिनींचं टोफूचं दुकान, सकाळची रांग. बायकांचा गलका चालू होता. त्यातून छाई वहिनींचा खणखणीत आवाज आला, "दुआनच्या घरचा वाडगा…" आणि सगळी रांग खो-खो हसली.

दुआनचं गिरमिट थांबलं. दुसरा भाग त्याला सांगायची गरजच नव्हती. तुकडे इकडचे-तिकडचे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, नुसते टाके मारून घर उभं केलंय. लोक पाठीमागे काय बोलतात ते त्याला ठाऊक होतं. बरणी तशीच टाकून तो घरी गेला आणि संध्याकाळी त्याने वाडगा कपाटावर, पार मागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. सुफनला म्हणाला, "नवी भेग गेलीय." भेगेच्या बाबतीत दुआनचा शब्द शेवटचा, म्हणून तिनेही पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याने छाई वहिनींच्या दुकानाची पायरी चढली नाही. टोफू आणायचा तर पूर्व वेशीवरून, अर्धा तास चालून, असा त्याने हुकूम सोडला.

उस्तादांनी मात्र विचारलं. दोन-तीनदा विचारलं. "छिंगफू, माझा मासा कुठे गेला रे?"

"फुटला, उस्ताद. सांधण्यापलीकडे फुटला."

उस्ताद मुकाट्याने पत्र्याच्या मगातून शेवया खायला लागले. ज्या शिष्याला सांधायला शिकवलं त्यानेच सांधण्यापलीकडे म्हटल्यावर बोलणार काय? पासष्ट साली ते गेले. दुआनने आयुष्यात लहानमोठ्या खूप थापा मारल्या असतील, पण ही एक त्याला कधीच पचली नाही.

अर्धुक मात्र गावभर झालं. कोणी दुसरेपणाची नवरी आणली, कोणी तीन पँटींची एक पँट केली, कमिटीत तीन गटांची माणसं कोंबली, की लगेच, "दुआनच्या घरचा वाडगा…" समोर दुआन असला तरीही! त्याचे कान लाल व्हायचे, तो खाली बघायचा. अशी पंचवीस वर्षं गेली. ताशान रेल्वेत लागून दूर गेला, यिंग लग्न होऊन सूतगिरणीच्या गावी राहायला गेली. गावात नवी भांडी इतकी आली की फुटकं कोणी सांधेनासं झालं. सहासष्ट वर्षांचा दुआन आठवडी बाजारात सवयीने जाऊन बसायचा आणि एखादी चहाची किटली मिळाली तर खूश होऊन परत यायचा.

मग सत्त्याऐंशीच्या शरदात लो मिन आली. जिल्ह्याच्या सांस्कृतिक केंद्रातली तिशीतली बाई, पायात कापडी बूट, पिशवीत कोऱ्या कार्डांचे गठ्ठे. गावोगावच्या म्हणी, गाणी, गोष्टी गोळा करून जिल्ह्याचं पुस्तक निघणार होतं. प्रत्येक कार्डावर वर पहिला भाग, खाली दुसरा भाग. शीहोत येऊन तिला आठ दिवस झाले होते आणि तिचं डोकं फिरायची वेळ आली होती, कारण इथे कोणी दुसरा भाग सांगेच ना. सगळे हसून म्हणायचे, "आता एवढंही कळत नाही का, बाई?"

ती दुआनच्या दारात आली तेव्हा तो काकडीच्या वेलाच्या काठ्या उपटत होता.

"दुआन आजोबा, तुमच्या वाडग्याचं कार्ड अर्धं राहिलंय."

"राहू दे."

"अकरा जणांच्या पाठी लागले, तेव्हा कुठे बोलले. अकरा जणांची आठ उत्तरं. ज्यांनी केलं त्या छाई आजी म्हणतात, ज्याचा वाडगा त्याला विचार."

दुआनला वाटलं, म्हातारीने ऐंशीच्या घरात आल्यावरही मीठ चोळायचं सोडलं नाही. पण त्याच्या कानात भलताच शब्द अडकला होता. "आठ?" त्याने विचारलं. "आठ कशी असतील? एकच आहे."

"कोणतं?"

तो पुन्हा काठ्या उपटायला लागला. लो मिन म्हणाली, "उद्या दुपारच्या बसने कार्डं जिल्ह्याला जाणार. तोवर खरं कळलं नाही तर हान दुकानदारांचं लिहीन. तेच तिघांनी सांगितलंय. 'टाकवतही नाही, मांडवतही नाही.'"

म्हणजे ते छापून येणार. ताशानची पोरं शाळेत वाचणार, यिंगच्या सासरी वाचणार. दुआनने काठ्या तिथेच टाकल्या आणि हात न धुताच तो बाजाराकडे निघाला. हानला जाब विचारायचाच, असं त्याने ठरवलं. पण वाटेत ते 'आठ' त्याला गप्प बसू देईना. इतकी वर्षं ज्या एका वाक्याने तो भाजत होता, ते लोकांच्या तोंडी एक नव्हतंच?

म्हणून तो आधी सुन न्हाव्याकडे शिरला. डोक्याला साबण लागल्यावर त्याने भिंतीकडे बघत विचारलं, "आमच्या वाडग्याचं पुढचं तू काय म्हणतोस रे?"

सुनचा वस्तरा थांबला. "काका, बरं नाही का तुम्हाला? असं कोणी विचारतं का?"

"विचारतोय."

"मी आपला म्हणतो, 'दुरुस्तीपायी जड झाला.' तीन पोरांची लग्नं केली, काका. प्रत्येक लग्नाला एक खोली काढली. तिघंही तिथेच, तिघांच्या बायकाही तिथेच. घर इतकं जड झालंय की मीच दुकानात झोपतो." आणि तो स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की दुआनला कान सांभाळावा लागला.

तिथून तो लग्नं जुळवणाऱ्या थू मावशीकडे गेला. तिचं स्वतःचं दुसरं लग्न. उन्हात नवऱ्याची रजई उलटी करत ती म्हणाली, "माझं तर बाई, 'पहिल्यापेक्षा जपून धरावा लागतो.' पहिल्याला मी कधी गोड बोलले नाही रे छिंगफू. वाटलं, कुठे जातोय. याला मात्र थंडी वाजते का, हे दिवसातून तीनदा विचारते." मग एकदम चिडून म्हणाली, "तू का आलास हे विचारायला? मेल्या, मला रडवायला आलास होय?"

दुआनला आता राग यायचा थांबून नवल वाटायला लागलं होतं. यात तो कुठे होता? ताशान कुठे, यिंग कुठे? सगळी माणसं त्याच्या वाडग्यात आपापलं तोंड बघत बसली होती.

हानच्या दुकानात पोचला तेव्हा भांडायचं अवसान निम्मं गळालं होतं. हान भेदरून काउंटरमागे उभा राहिला. "काका, तुमच्याबद्दल नाही हो म्हटलं मी. शप्पथ. तुमच्या घरात तसं आहे तरी काय?" बोलता बोलता त्याची नजर मागच्या पडद्याकडे गेली. पडद्यामागे तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले त्याचे वडील खोकत होते. पाहुणे आले की हान तो पडदा ओढून घेतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. दुआन बाहेर पडला आणि दुकानाच्या पायरीवरच खाली बसला. टाकवतही नाही, मांडवतही नाही. कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळून, पंचवीस वर्षं. हानचं वाक्य हानच्या घराला जितकं लागू होतं तितकंच ते दुआनलाही लागू होतं, आणि ही लाज त्याला कोणी आणून दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुफन कोबी धुवायला विहिरीवर गेल्यावर त्याने स्टूल ओढून वाडगा खाली काढला. धूळ पुसली. मासा होता तसाच निळा होता. टाके मोजले, तेवीस. टोफूच्या दुकानात भांडं घेऊन गेलं की का आलास म्हणून कोणी विचारत नाही, म्हणून वाडगा कपड्यात बांधून तो निघाला.

छाई वहिनी दुकानाच्या दारात ऊन खात बसल्या होत्या. आता दुकान सून चालवते. वहिनींना नीट ऐकू येत नाही, पण जीभ शाबूत आहे. शेजारी लो मिन कार्डांचा गठ्ठा बांधत होती. बस सुटायला तासभर होता.

"कोण, दुआन?" वहिनी ओरडल्या. "पूर्व वेस बंद पडली की काय?"

दुआनने कपडा सोडला आणि वाडगा त्यांच्या पुढ्यात धरला. मग शीहोत कोणी वयात आलेल्या माणसाने भर दिवसा विचारू नये तो प्रश्न त्याने मोठ्याने विचारला. "वहिनी, पुढे काय?"

रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. छाई वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुला ठाऊक नाही?"

"नाही."

"पंचवीस वर्षं?"

"मी भिंतीपलीकडे होतो. बरणी सांधत. तुमचा आवाज आला आणि सगळ्या हसल्या, एवढंच ऐकू आलं."

वहिनींनी सुनेला हाक मारली. "अगं ए, उकळतं सोयादूध आण. यात ओत. काठापर्यंत." सुनेने घाबरत घाबरत ओतलं. वाफ वर आली, मासा दुधाखाली गेला.

"त्या दिवशी तुझी सुफन रांगेत उभी होती," वहिनी सांगू लागल्या, "हातात हाच वाडगा, असाच भरलेला. गल्लीतली एक बया, आता गेली बिचारी, नाव कशाला घ्या, सगळ्यांसमोर म्हणाली, 'नवरा कुठला, बायको कुठली, पोरं कुणाची, म्हातारा कुणाचा. एका मातीचं कोणी नाही त्या घरात.' सुफन भरला वाडगा घेऊन निघालीच होती. मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, 'दुआनच्या घरचा वाडगा…' आणि तिच्या हातातून घेतला, उचलला, खालून हा असा हात फिरवला."

बोलता बोलता त्यांनी वाडगा उचलला, तेवीस टाक्यांवरून बुडाखाली तळवा फिरवला आणि तो तळवा दुआनच्या नाकासमोर धरला. सुरकुतलेला, भाजल्याचे डाग पडलेला आणि ठणठणीत कोरडा.

"असाच त्या बयेच्या नाकासमोर धरला. मग काय, हसली सगळी रांग. ती भांडं न भरताच चालती झाली. पुढचं मी बोललेच नाही, तर सांगू काय?"

दुआन तळव्याकडे बघत राहिला. हसू आलं होतं ते त्या बाईचं. त्याच्या घराचं नव्हतंच.

"विचारायचं होतंस, गाढवा," वहिनी म्हणाल्या, जरा हळू आवाजात.

"विचारतं का कोणी इथे?"

"तेही खरंच."

लो मिन पेन्सिल हातात धरून बसली होती. "पण मग मी कार्डावर लिहू काय?" तिने विचारलं. वहिनी म्हणाल्या, लिही काय वाटेल ते, मला कुठे वाचता येतं. शेवटी तिने लिहिलं, 'दुसरा भाग बोलत नाहीत, वाडगा उचलून दाखवतात,' आणि बससाठी पळाली. जिल्ह्याच्या पुस्तकात पुढे ती ओळ कापली गेली आणि तिथे नुसती कोरी जागा राहिली. बाहेरगावचे लोक ती छपाईची चूक समजतात.

दुआन मात्र भरलेला वाडगा दोन्ही हातांत धरून भर बाजारातून घरी निघाला. सुन न्हावी दुकानाबाहेर आला. "काय काका? वाडगा?" दुआनने वाडगा एका हातावर तोलला, दुसरा हात बुडाखालून फिरवून सुनला दाखवला आणि पुढे चालू लागला. सुनला काडीचंही कळलं नाही, पण त्याने विचारलं नाही. मान डोलवली.

सुफन चुलीपुढे बसली होती. वाडगा बघून तिचा हात थांबला. "तो तर भेगाळला होता."

"नव्हता."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. भिंत, हसणं, कपाट. एवढं सलग तो लग्नाच्या वेळीही बोलला नव्हता. सुफन ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. लोक बोलले की तुझे कान लाल व्हायचे. मी म्हणायची, म्हाताऱ्याला कौतुक सोसत नाही."

"तू सांगितलं का नाहीस?"

"घरच्या माणसाला पुरं काय सांगायचं?" ती म्हणाली. आणि जरा थांबून, "शिवाय पंचवीस वर्षं पूर्व वेशीचा म्हणून जो टोफू खातोयस ना, तो छाई वहिनींचाच आहे. माझे पाय काय वाटेवर पडलेत?"

दुआनला हसू यायला हवं होतं. त्याने वाडगा उचलला आणि भिंतीवरच्या फळीशी गेला. तिथे फंग उस्तादांचा एकुलता एक फोटो होता, शेजारी त्यांचा पोचे पडलेला पत्र्याचा मग. त्याने मग बाजूला सारला, त्या जागी वाडगा ठेवला आणि त्यावर दोन काड्या आडव्या ठेवल्या.

"उस्ताद," तो म्हणाला, "मासा सापडला. मी खोटं बोललो होतो."

तो तिथेच उभा राहून पुन्हा पुन्हा बुडाखालून हात फिरवत राहिला, पहिल्या सहा वेड्यावाकड्या टाक्यांवरून, ताशानच्या अकरांवरून, यिंगच्या सहांवरून. सुफनने येऊन त्याचा तळवा आपल्या हातात घेतला, उजेडात धरून नीट बघितला.

"हात कोरडा आहे ना?" ती म्हणाली. "मग आता डोळे पूस."